खोट्या कागदांचा खरा पारखी : इतिहासाचार्य राजवाडे
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या नरडाण्याहून धुळ्याला जाताना वाटेत सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेले. जुनी माणसे भांडे घेताना त्यावर टिचकी मारतात, नाद ऐकतात आणि मगच दाम मोजतात. भांड्याला जसा नाद असतो, तसा कागदालाही असतो. तो ऐकणारा कान मात्र हवा. महाराष्ट्रात असा तिखट कान ज्यांना लाभला होता, ते म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी या पुरुषाने आमच्या धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाची संस्था धुळ्यात आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते, पण त्यांनी नेमके काय केले हे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण मुख्यतः पुण्यात झाले. परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील न नेमलेल्या पुस्तकांवरच त्यांचे प्रेम अधिक. त्यामुळे पदवी पदरात पडायला बराच काळ गेला. डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले तेव्हा १८९० साल उजाडले होते. पुढे दोन-तीन वर्षांतच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. नोकरीतही मन रमले नाही. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, तेही काही वर्षांत बंद पडले. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हे व्रत मात्र त्यांनी अखेरपर्यंत पाळले. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ही गोष्ट फार मोठी वाटते.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते वाईला. तेथे एका घरात त्यांना जुन्या पत्रांचा साठा मिळाला. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतील ती पत्रे होती. त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यामागची पायपीट ऐकली म्हणजे मन थक्क होते. गावोगाव हिंडायचे, हाताने रांधून खायचे, वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरे सोडायची आणि वाळवीने खाल्लेले कागद जपून नकलून घ्यायचे. कोणी आदराने रुमाल पुढे ठेवी, तर कोणी वतन जाईल या भीतीने गाठही सोडू देत नसे. कित्येक ठिकाणी ते पोहोचण्यापूर्वीच कागद वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेलेले असत.

परंतु नुसते कागद गोळा करणारे पुष्कळ असतात. राजवाडे यांचे मोठेपण पारखण्यात आहे. जुन्या काळीही सगळेच कागद सच्चे नव्हते. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे तंटे गोतसभेपुढे येत आणि बनावट सनद करून आणल्याची उदाहरणे जुन्या निवाड्यांत आढळतात. शिवाय बखरी होत्या. प्रसंग घडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून, कोणाला तरी बरे वाटावे म्हणून लिहिलेल्या. बखरीत लिहिले आहे म्हणजे ते झालेच, अशी तोवर समजूत होती. राजवाडे यांनी बखरी आणि त्या त्या वेळची पत्रे शेजारी शेजारी ठेवली. सालांचा मेळ बसेना, माणसे भलत्याच ठिकाणी उभी दिसू लागली. ग्रँट डफसारख्या साहेबाच्या गाजलेल्या इतिहासातही त्यांनी चुका दाखवल्या.

त्यांची कसोटी तीन शब्दांत सांगता येते : स्थल, काल आणि व्यक्ती. हा कागद कोठे लिहिला, केव्हा लिहिला, कोणी कोणाला लिहिला? ऐकायला सोपे आहे, पण काळाचाच प्रश्न घ्या. जुन्या पत्रांत मुसलमानी महिना आणि चंद्राची तारीख असते, साल पुष्कळदा नसतेच. जेथे असते तेथे ते शुहूर सन म्हणून अरबी शब्दांत असते. इहिदे सितैन मया व अलफ असे लिहिलेले दिसले की एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ धरायचे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले म्हणजे इसवी सन १७६०-६१ येते. हेच पानिपतचे साल. साल नसेल तर पत्रातील मुक्काम, वार, तिथी आणि माणसांची नावे यांवरून ते शोधायचे. पुढचे गमक भाषेचे. शिवपूर्वकाळातील पत्रांत फारसी शब्दांची रेलचेल आहे, पुढे ती ओसरत जाते. राजवाडे यांनी निरनिराळ्या काळातील पत्रे घेऊन त्यांतील फारसी शब्द चक्क मोजून दाखवले. बनावट करणारा मनुष्य शाई जुनी दाखवील, कागद जुना दाखवील, पण जिभेवरचा आपला काळ त्याला लपवता येत नाही.

ही कसोटी मला पुस्तकातून जेवढी कळली, तेवढीच एका घरगुती गोष्टीने कळली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बारावीचा निकाल लागला तेव्हा मामांनी मला एक काचेची चौकट भेट दिली. मामा हमाली करतात. एका यात्रेत कोणा विक्रेत्याकडून चार दिवसांची मजुरी मोजून त्यांनी ती आणली होती. आत पिवळट कागदावर शिवाजी महाराजांनी दिलेली सनद होती आणि तीत आमच्या आडनावाच्या कोणा वीराचा पराक्रम होता. मामांना अक्षर वाचता येत नाही. भाचीच्या हाती आपल्या कुळाचा मान द्यावा, एवढीच त्यांची इच्छा.

राजवाडे वाचल्यावर मी ती चौकट पुन्हा नीट पाहिली. सनद बालबोधीत होती, तर दरबारी पत्रव्यवहार चाले तो मोडीत. अक्षरांना बोरूच्या लेखणीची जाडबारीक वळणे नव्हती. साल इसवी सनाचे, १६६५ असे घातले होते. त्या काळच्या मराठी सनदेत इसवी सन येण्याचे कारणच नाही. त्याच ओळीत महाराजांना छत्रपती म्हटले होते, पण राज्याभिषेक तर १६७४ सालचा, म्हणजे नऊ वर्षांनंतरचा. भिंग लावून पाहिले तर शिक्का छापील ठिपक्यांचा निघाला आणि कागदाचा पिवळेपणा चहाच्या पाण्याचा वाटला. स्थल, काल, व्यक्ती यांपैकी एकही साक्षीदार उभा राहीना.

आता मामांना काय सांगावे? गप्प बसावे तर ते धाकट्या मामेभावासाठी दुसरी सनद आणायला निघालेले, पुन्हा चार दिवसांची मजुरी जाणार. तोंडावर खोटे म्हणावे तर त्या प्रेमाचा अपमान. मी त्यांना ओट्यावर बसवून छत्रपती शब्द आणि राज्याभिषेकाचे साल समजावून सांगितले. कागद खोटा आहे, तुम्ही दिलेला मान खोटा नाही, असेही सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चौकट काढून टाकू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर गावाचे नाव, भेट दिल्याची तारीख, मामांचे नाव, माझे नाव आणि बारावी पास झाल्याचे निमित्त, एवढे मी पेन्सिलीने लिहिले. पुढे सनद विकणाऱ्याने बनवलेली, हेही लिहिले. आता त्या चौकटीतील पुढची बाजू खोटी आणि मागची बाजू खरी आहे. मामेभावासाठी मामांनी पाटी-दप्तर आणले.

असे वागण्याला राजवाडे यांच्याच कामात आधार सापडतो. बखरींवर एवढी टीका करणाऱ्या या माणसाने १९२४ साली महिकावतीची बखर स्वतः संपादून छापली. तिच्यात निरनिराळ्या काळी लिहिलेले भाग एकत्र झालेले आहेत. त्यांनी ते वेगळे केले आणि उत्तर कोकणातील समाजाविषयी तिच्यातून जे मिळण्यासारखे होते ते काढून घेतले. खोटे म्हणून फेकून दिले नाही आणि जुने म्हणून डोक्यावरही घेतले नाही. ज्या गोष्टीला ती साक्ष देऊ शकते, तेवढ्यापुरतीच तिची साक्ष घेतली. बनावट सनदसुद्धा एक गोष्ट खरी सांगते : ती करणाऱ्याला कशाची हाव होती आणि घेणाऱ्याला कशाची भूक होती.

मात्र राजवाडे यांचा स्वभाव गोड नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही. शब्द धारदार, राग लवकर येणारा, मतभेद झाला की माणूस तुटलाच. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, परंतु पुढे तेथेही त्यांचे पटले नाही. आणि पारख्याचीही पारख होतेच. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक पोथी प्रसिद्ध केली. ती एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे म्हणणे होते. तिच्या जुनेपणाविषयी इतर विद्वानांनी शंका घेतल्या आणि मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. ज्यांनी महाराष्ट्राला मूळ कागद पाहायला शिकवले, त्यांच्याच बाबतीत हे घडावे याचे वाईट वाटते. पण यामुळे त्यांची कसोटी खोटी ठरत नाही, उलट ती त्यांनाही लागू पडते, एवढेच सिद्ध होते. मी त्यांची कसोटी घ्यावी आणि त्यांची कठोरता त्यांच्यापाशीच ठेवावी, असे ठरवले आहे.

शेवटच्या काळात ते धुळ्यात राहिले. शब्दांच्या व्युत्पत्तीचे अफाट काम चालू होते, ते पुरे होण्याआधीच देह थकला. मागे ना घर, ना धन. राहिली ती हस्तलिखिते आणि टिपणे. ही ठेव धुळेकरांनी वाऱ्यावर जाऊ दिली नाही. भास्कर वामन भट आदी मंडळींनी पुढाकार घेतला आणि त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचे धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश पुढे या मंडळानेच प्रकाशात आणले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची दप्तरे नाहीत. आपल्या वाडवडिलांचे नाव कोठल्याही सनदेत नसेल. म्हणून यात्रेतली सनद विकत घेण्याची गरज नाही. सातबाऱ्याचा जुना उतारा, सालदाराची वही, आजीचा अंगठा असलेला कर्जाचा कागद, शाळेचा पहिला दाखला, हेच आपले खरे कागद. ते रद्दीत जाण्यापूर्वी त्यांवर स्थल, काल आणि व्यक्ती नोंदवून ठेवू या. इतिहासाचार्यांना आपल्या पिढीने वाहायची फुले ती हीच.