जकात नाक्यावरचा विद्यार्थी

रमजान अर्ध्यावर आला की मुस्लिम घरांत वही-पेन बाहेर निघते. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा असतो. ही जकात. मराठीत मात्र जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आणि मालाच्या पावत्या आठवतात. शब्द एकच, अरबीतून आलेला. घरात तो दान झाला, वेशीवर कर झाला. आजची गोष्ट अशाच एका नाक्यावर सुरू होते.

इटलीतल्या पिसा शहरात ११७० च्या सुमारास लिओनार्दोचा जन्म झाला. पुढे जग त्याला फिबोनाची म्हणू लागले. वडील गुल्येल्मो हे उत्तर आफ्रिकेतल्या बुजाया बंदरात, आजच्या अल्जीरियात, पिसाच्या व्यापाऱ्यांसाठी जकात कचेरीत कारकुनी करीत. मुलाने हिशेब शिकावा म्हणून त्यांनी त्याला पोरवयातच तिथे बोलावून घेतले. काही दिवस शिकवणी लावावी, एवढाच बेत होता.

तो काळ सलोख्याचा नव्हता. याच किनाऱ्यावरच्या महदिया शहरावर १०८७ मध्ये पिसाच्या आरमाराने हल्ला केला होता. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतले आणि पुन्हा क्रूसयुद्ध पेटले. पण बंदरातला व्यवहार चालूच होता. बुजायाचे मेण युरोपात इतके जाई की फ्रेंच भाषेत मेणबत्तीला या गावाचेच नाव पडले. व्यवहार आला की हिशेब आला, आणि हिशेब आला की शिकवणाराही आला.

पिसात रोमन आकडे चालत. ८८८ लिहायला त्यात बारा अक्षरे लागतात. बेरीज-गुणाकार त्या अक्षरांत करणे कठीण. त्यासाठी फळ्यावर सोंगट्या सरकवाव्या लागत. बुजायात लिओनार्दोसमोर नऊ आकडे आणि एक शून्य आले. तेवढ्यावर कितीही मोठी संख्या लिहिता येत होती, आणि लिहिता लिहिताच हिशेब होत होता.

हे आकडे मूळचे भारतातले. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि तिथून ते पश्चिमेकडे पसरले. आपल्या ‘शून्य’चा अर्थ रिकामे, अरबांनी त्यासाठी आपला तसाच शब्द घेतला, ‘सिफ्र’. लिओनार्दोने त्याचे लॅटिन ‘झेफिरम’ केले आणि त्यातूनच पुढे ‘झिरो’ आला. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच, मग वीस. अरबीतही आधी पाच, मग वीस. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून वाचताना एकम आधीच भेटतो. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकणाऱ्या आमच्या मुलांना ही गंमत लगेच कळते.

काही दिवसांच्या शिकवणीने लिओनार्दोचा जन्म व्यापला. पुढे व्यापाराच्या निमित्ताने तो इजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली आणि प्रोव्हान्सला गेला. जाईल तिथल्या हिशेबाच्या पद्धती त्याने जाणून घेतल्या, जाणकारांशी वाद घातले. शेवटी त्याला भारतीय पद्धतच सरस वाटली. पिसाला परतून १२०२ मध्ये त्याने ‘लिबर अबाकी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात नाण्यांची अदलाबदल, भागीदारीतली वाटणी, वजन-मापे असे बाजारातले रोजचे प्रश्न होते, आणि सशांच्या वाढत्या जोड्यांचे ते प्रसिद्ध कोडेही होते.

सुरुवातीलाच त्याने नऊ आकडे मांडले, तेही नवापासून एकापर्यंत उतरत्या क्रमाने. उजवीकडून वाचले की एक, दोन, तीन! बुजायातली सवय हाताला कायमची लागली होती.

सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारातल्या विद्वानांनी त्याला अवघड गणिते घातली. त्यांतले एक समीकरण उमर खय्यामच्या बीजगणितातही आहे. लिओनार्दोने त्याचे उत्तर थक्क करणाऱ्या अचूकतेने काढले. १२४० च्या सुमारास पिसाने या सेवेकऱ्याला वर्षाला २० पौंडांचे मानधन बांधून दिले.

त्याचे आकडे मात्र सहज रुजले नाहीत. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने सभासदांना हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला बंदी केली. नवे आकडे सहज बदलता येतात, शून्याला शेपूट जोडले की सहा किंवा नऊ होतो, अशी भीती तेव्हा बोलली जाई. पण सोय बंदीला पुरून उरली.

लिओनार्दोचा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. त्याने हे आकडे आपले म्हणून खपवले नाहीत. ते भारतीयांचे आहेत, शून्याचे नाव अरबांचे आहे आणि आपण ते बुजायात शिकलो, हे त्याने ग्रंथाच्या आरंभीच लिहून ठेवले. क्रूसयुद्धांच्या काळात, लॅटिन वाचकांसाठी लिहिताना! अरब या अंकांना हिंदी म्हणतात, युरोप त्यांना अरबी म्हणतो. ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव, असा हा साधा रिवाज आहे.

बुजायातल्या शिक्षकाचे नाव तेवढे त्याने लिहिले नाही. एका परक्या, परधर्मी पोराला त्या माणसाने हातचे न राखता शिकवले. तेही दानच होते, आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. आज इफ्तारनंतर मी जकातीची वही उघडेन. अडीच टक्क्यांतले ते शून्य-एक-दोन मांडताना त्या शिक्षकासाठीही दुआ मागेन.