बावीस श्रुतींची पेटी आणि पंडित भातखंडे

मार्च १९१६ मध्ये बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे मुख्य सूत्रधार पंडित विष्णू नारायण भातखंडे त्या वेळी पंचावन्न वर्षांचे होते. उदयपूरचे झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारखे धृपदिये तेथे आले होते. चर्चा सर्वाधिक रंगली ती मात्र एका पेटीवरून.

ही पेटी साधी नव्हती. नेहमीच्या हार्मोनियमवर सप्तकाच्या बारा पट्ट्या समान अंतराने लावलेल्या असतात आणि आपल्या गायकीला त्या खटकतात. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी त्यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली होती. अब्दुल करीम खाँ यांच्या कंठाचे साहाय्य देवलांना या संशोधनात लाभले होते. परिषदेने या वाद्यावर शिक्कामोर्तब केले असते, तर हिंदुस्थानी संगीताचे स्वर यंत्राने कायमचे निश्चित झाले असते.

भातखंडे यांचा विरोध नेमका येथेच होता. भरताने श्रुती समजावण्यासाठी दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे, आकडे दिलेले नाहीत. मग कंपनसंख्यांची गुणोत्तरे त्याच्या नावावर कशी खपवावीत? तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली ती पुढे सतराव्या शतकात अहोबलाने. त्याच्या पद्धतीने ३६ इंचांची तार घेतली, तर तार षड्ज १८ इंचांवर, मध्यम २७ वर आणि पंचम २४ वर येतो. परिषदेत पेटीचे स्वर गायकांच्या गळ्याशी ताडून पाहिले गेले आणि तिला मान्यता मिळाली नाही.

या भूमिकेमागे तीन दशकांची साधना होती. १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेल्या भातखंडे यांनी विद्यार्थिदशेतच वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे धडे घेतले. १८८७ मध्ये ते वकील झाले. पारशी गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी शेकडो चिजा ऐकल्या, शिकल्या. पत्नी आणि एकुलती कन्या यांच्या निधनानंतर त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून ग्रंथ व बंदिशी गोळा केल्या. रामपूरचे बीनकार वजीर खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी उतारवयाकडे झुकताना पत्करले. घराण्यांनी जिवापाड जपलेली विद्या छापून सर्वांना खुली करायची, हा त्यांचा ध्यास अनेक उस्तादांना रुचला नाही.

त्यांच्यावरील आक्षेपही पोकळ नाहीत. यंत्राचे बंधन नाकारणाऱ्या या पंडिताने रागांची मांडणी दहा थाटांत केली, ती बारा स्वरांच्याच आधारे. म्हणजे पेटीवर जेवढ्या पट्ट्या तेवढ्याच स्वरांवर. रागागणिक बदलणारा कोमल गंधार या चौकटीत मावत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. शिकवण्याच्या सोयीसाठी त्यांनी ही किंमत मोजली, असे म्हणावे लागते. हार्मोनियमचा वाद तर पुढेही धुमसतच राहिला. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी शिथिल व्हायला तीन दशके लागली.

बडोद्यानंतर दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. स्वरांचे प्रमाणीकरण त्यांत तडीस गेले नाही, पण लखनौच्या अधिवेशनांतून १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभे राहिले. ती संस्था पुढे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाली. १९३३ मध्ये अर्धांगवायूने त्यांना अंथरुणाला खिळवले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांचे निधन झाले. बंदिशींच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे पाचवा व सहावा हे भाग त्यानंतर प्रकाशित झाले.