दमेकरी बार्नाकचा कॅमेरा

जून २०२२मध्ये एका लिलावात एक जुना कॅमेरा विकला गेला. घेणाऱ्याला शुल्कासह पडलेली किंमत १ कोटी ४४ लाख युरो. त्या वेळच्या भावानं शंभर कोटी रुपयांच्या वर. कॅमेरा हाताच्या पंज्यात मावेल एवढा. काळा रंग जागोजागी उडून आतलं पितळ दिसू लागलेलं. क्रमांक १०५. वर दृश्य पाहायच्या चौकटीजवळ एक नाव कोरलेलं : ओस्कार बार्नाक. हा त्याचा स्वतःचा, रोजच्या वापरातला कॅमेरा. नोकरीत मी शून्यं मोजण्यातच आयुष्य घालवलं, पण ही शून्यं वाचताना मला रकमेपेक्षा त्या नावाच्या माणसाचीच उत्सुकता वाटली. कारण हा माणूस जन्मभर पगारी नोकर होता. शिवाय आजारी.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९चा, बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनोव नावाच्या लहान गावातला. पुढे घर बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला आलं. तिथे तो खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला राहिला. ग्रहताऱ्यांसाठीची यंत्रं म्हणजे कानशीचा एक हात जास्त पडला तरी काम वाया. ही शिस्त त्याच्या बोटांत तिथे मुरली. नंतर त्या काळच्या जर्मन रिवाजाप्रमाणे गावोगाव काम शोधत हिंडणं झालं. अखेर १९०२ साली तो येना शहरात कार्ल झाइसच्या प्रसिद्ध कारखान्यात लागला.

येनाच्या भोवती थुरिंगियाचं जंगल आहे. बार्नाकला फोटोंचा नाद होता आणि सुट्टीच्या दिवशी त्याचे पाय तिकडे वळत. पण तेव्हा फोटो काढणं म्हणजे हमालीच होती. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचा घेणारा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचा भरलेल्या चौकटींची चामडी पिशवी. छाती धड असलेल्या माणसालाही चढावर धाप लागावी. बार्नाकला तर दमा होता. ते ओझं खांद्यावर घेऊन चढ चढताना त्याच्या मनात एक साधा विचार पक्का झाला : मोठं चित्र हवं असेल तर मोठा कॅमेराच कशाला वागवायचा? लहान चित्र टिपावं आणि घरी येऊन मोठं करावं. त्यानं एकाच काचेवर छोटी छोटी पंधरा-वीस चित्रं घेऊन पाहिली. मोठी केल्यावर ती रवाळ, पिठुळ दिसू लागली. प्रयोग फसला, विचार मात्र गेला नाही.

झाइसमध्ये एमिल मेखाऊ नावाचा त्याचा एक सहकारी होता. चित्रपटाचं प्रक्षेपण-यंत्र सुधारण्याच्या ध्यासापायी तो वेत्स्लार गावच्या लाइट्झ कंपनीत गेला. लाइट्झ म्हणजे सूक्ष्मदर्शकांसाठी नावाजलेलं घर. मेखाऊनं तिथे बार्नाकचं नाव सुचवलं. बोलावणं आल्यावर बार्नाकनं काय करावं? आपली प्रकृती नाजूक आहे, आपण वारंवार आजारी पडतो, हे त्यानं आधीच मोकळेपणानं कळवून टाकलं. नोकरीच्या अर्जात स्वतःविरुद्धचा मुद्दा असा आपण होऊन मांडणारा माणूस विरळाच. थोरल्या एर्न्स्ट लाइट्झनं तरीही त्याला घेतलं. जानेवारी १९११मध्ये तो वेत्स्लारला प्रयोगशाखेचा प्रमुख म्हणून रुजू झाला.

तिथे त्याच्या हाताशी चित्रपटाची फिल्म आली. ३५ मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोकं. सिनेमाचं एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं. बार्नाकनं फिल्म आडवी धरली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. २४ बाय ३६. पुढे जगभर घरोघरी अल्बममध्ये लागलेल्या बहुतेक फोटोंचं माप ते हेच. १९१४च्या मार्चपर्यंत धातूचा एक छोटा कॅमेरा तयार झाला. बार्नाक त्याला लिलिपुट म्हणे. त्याचा पडदा चाप ओढताना उघडा राहत असे, म्हणून प्रत्येक फोटोनंतर लेन्सवर झाकण सरकवून मगच फिल्म पुढे न्यावी लागे.

इथे एक खुलासा केला पाहिजे. सिनेमाच्या फिल्मवर स्थिरचित्रं घेणारा बार्नाक हा पहिला नव्हे. अमेरिकेत १९१३ सालीच तसा कॅमेरा बाजारात आला होता. कल्पना अनेकांना एकाच सुमारास सुचतात. ती खिशात मावेल, थंडीत बोटांना चालेल आणि शंभराव्या वेळीही दगा देणार नाही, इतपत निगुतीनं घडवणं हे वेगळं काम आहे, आणि बार्नाकचं मोठेपण मला त्यात दिसतं.

मग महायुद्ध आलं. लिलिपुट बार्नाकच्या खिशात राहिला. त्यानं वेत्स्लारच्या चौकातली माणसं टिपली, मुलाबाळांची चित्रं घेतली. १९२०च्या जानेवारीत लान नदीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा पुरातल्या गल्ल्यांची त्यानं एक चित्रमालिकाच घेतली. त्याच वर्षी थोरला लाइट्झ वारला आणि कारभार धाकट्या एर्न्स्ट लाइट्झकडे आला. १९२३मध्ये या कॅमेऱ्याचे वीस-पंचवीस नमुने चाचणीसाठी बनले. क्रमांक १०५ हा त्यांतलाच. अभिप्राय संमिश्र आले.

यानंतरचा प्रसंग माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला राहून राहून खुणावतो. साल १९२४, महिना जून. सातच महिन्यांपूर्वी, १९२३च्या नोव्हेंबरात, एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. लोकांची आयुष्यभराची शिल्लक एका पावाच्या किमतीची उरली होती. नवं चलन आलं होतं. अशा वेळी सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी कॅमेऱ्यात पैसा घालायचा की नाही, हे ठरवायला बसली. त्या कॅमेऱ्याची फिल्म छायाचित्रणाच्या दुकानात मिळत नव्हती. चित्र मोठं करायचं यंत्र ग्राहकाकडे नव्हतं. धंदेवाईक छायाचित्रकार एवढ्याशा चित्राला हसत होते. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर कर्जाच्या शिफारशीखाली सही करताना मी पेन नक्की खाली ठेवलं असतं. बैठक काही तास चालली. बहुतेकांचं मत विरुद्ध पडलं. धाकट्या लाइट्झनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि धोका पत्करायचा, असं सांगून बैठक संपवली. कामगारांना काम द्यायचं होतं, हेही त्यामागचं एक कारण होतं.

१९२५च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा यांच्या आद्याक्षरांतून नाव पडलं लायका. लेन्स माक्स बेरेकनं गणितानं बसवलेली. बेरेक बार्नाकहून सात वर्षांनी लहान, दिवसभर आकडेमोडीत बुडालेला. आपल्या एका कुत्र्याचं नाव त्यानं एका लेन्सला दिलं, असं सांगतात. बार्नाकच्या लोखंडाला बेरेकच्या काचेची जोड मिळाली नसती, तर त्या टपालतिकिटाएवढ्या चित्रातून भिंतीवरची तसबीर निघालीच नसती.

पहिल्या लायकाची लेन्स अंगाला कायमची जोडलेली होती. लोकांना दूरचं टिपायला वेगळी आणि रुंद दृश्याला वेगळी लेन्स हवी झाली. १९३०मध्ये आट्यांवर फिरवून काढता-घालता येणाऱ्या लेन्स आल्या. आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर, पण आटे मोजायचे इंचाला २६. असं धेडगुजरी माप, कारण सूक्ष्मदर्शकांच्या धंद्यात इंग्रजी आट्यांची चाल होती. मात्र अडचण निराळीच होती. लेन्स टेकते ती कडी आणि आतली फिल्म यांतलं अंतर प्रत्येक कॅमेऱ्यात केसभर वेगळं. केसभर म्हणजे खरोखरच केसभर. तेवढ्यानंही चित्र पुसट होतं. त्यामुळे प्रत्येक लेन्स त्या-त्या कॅमेऱ्याशी जुळवून द्यावी लागे आणि ओळखण्यासाठी तिच्यावर कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कोरत. नवी लेन्स हवी तर कॅमेरा वेत्स्लारला पाठवा. म्हणजे वरवर लेन्स बदलता येत होती, पण खरं पाहता ती त्या एकाच कॅमेऱ्याच्या दावणीला बांधलेली होती.

१९३१मध्ये हे अंतर सगळ्या कॅमेऱ्यांना एकच ठरवून दिलं : २८.८ मिलिमीटर. ज्या कॅमेऱ्याचं माप असं पक्कं झालं, त्याच्या कडीवर एक शून्य कोरलं जाई. माझ्या लेखी बार्नाकच्या कॅमेऱ्याच्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं शून्य ते, लिलावातली नव्हेत. त्या दिवसापासून कोणतीही लेन्स कोणत्याही लायकाला चालू लागली. पुढच्या वर्षी अंतरमापकाची जोड आली. लेन्स फिरवली की तिची मागची कड कॅमेऱ्यातला एक लहानसा दांडा ढकलते. खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकमेकींवर बसल्या की अंतर जमलं. फूटपट्टी नको, अंदाज नको.

बार्नाकला पुढचं फारसं पाहायला मिळालं नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी छप्पन्नाव्या वर्षी तो बाड नाउहाइमला वारला. ज्या छातीसाठी त्यानं ओझं हलकं केलं, तिनं आणखी मुदत दिली नाही.

त्याचं माप मात्र देशोदेशी गेलं. युक्रेनमधल्या खार्किवला मकारेंकोच्या कम्यूनमधली अनाथ मुलं १९३४पासून लायकाची हुबेहूब नक्कल, फेड, बनवत होती. युद्धानंतर जपानच्या कॅनननं हेच आटे घेतले. १९५०मध्ये कोरियाच्या युद्धावर गेलेल्या डेव्हिड डग्लस डंकननं आपल्या लायकाला जपानी निकॉर लेन्स लावल्या, आणि त्या चित्रांमुळे जपानी काचेकडे अमेरिकेचं लक्ष गेलं. आपल्याकडे ३० जानेवारी १९४८च्या दुपारी दिल्लीत गांधीजींना भेटून बाहेर पडलेला आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्याच संध्याकाळी पुन्हा बिर्ला भवनात धावत आला, तेव्हा त्याच्या हातात लायकाच होता. तिपाई उभारायला त्या गर्दीत कोणाला सवड होती?

आणि मग हौशी मंडळी. फिल्मचा बाजार आटल्यावरही जगभर हे लोक जुने अंतरमापक कॅमेरे बाळगून आहेत. त्यांचा आवडता उद्योग म्हणजे याची लेन्स त्याला बसवणं. सोव्हिएत ज्युपिटर लेन्स मुळात झाइसच्या आराखड्यावरची. ती लायकाच्या आट्यांत चपखल बसते, पण जवळच्या माणसाचा चेहरा टिपताना डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो. कारण झाइस आणि लाइट्झ यांचा अंतराचा हिशेब एक नव्हता. मग हे लोक लेन्स उघडतात, काचांच्या गाभ्याखाली पातळ चकती घालतात किंवा असलेली काढतात, पुन्हा मिटवतात, रोल संपवतात, धुतात, भिंगाखाली पाहतात आणि परत उघडतात. दहा-दहा रोल जातात. घरचे वैतागतात. बार्नाकनं कारखान्यातून जी कटकट घालवली, तीच हे लोक आपण होऊन ओढवून घेतात, आणि त्यात सुख मानतात.

१९५४मध्ये लायकानं आटे सोडून खटक्यानं बसणारी कडी आणली. तेव्हा लेन्स आणि फिल्म यांमधलं अंतर ठेवलं २७.८ मिलिमीटर, म्हणजे बार्नाकच्या काळातल्या मापापेक्षा बरोबर एक मिलिमीटर कमी. त्या एका मिलिमीटरची एक पातळ कडी मिळते. ती १९३१ सालच्या लेन्सवर फिरवायची, लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायची आणि खिडकीतून समोरच्या डोंगराकडे पाहायचं. दोन डोंगर दिसतात. लेन्स हलकेच फिरवली, की त्यांचा एक होतो.