पंतनगरचा डॉक्टर
(द्वितीय वर्ष कला)

दरवर्षी १६ जानेवारी उजाडली, की आमचे आजोबा लवकर आंघोळ उरकतात आणि वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेल्या एका छायाचित्राला झेंडूचा हार घालतात. आजी त्या दिवशी त्या भिंतीकडे पाहत नाही. पुढे १८ तारीख उलटेपर्यंत त्या दोघांत कामापुरतेच बोलणे होते. लहानपणी मला वाटे, हा आमच्या घराण्यातला कोणी पूर्वज असावा. पुढे कळले, की ते डॉक्टर दत्ता सामंत. १६ जानेवारी हा त्यांच्या हत्येचा दिवस आणि १८ जानेवारी हा गिरणी संपाच्या प्रारंभाचा. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या घरचा सारा इतिहास मावतो. म्हणून त्या माणसाचे चरित्र समजून घ्यावे असे वाटले आणि हा लेख लिहायला घेतला.

दत्तात्रेय नारायण सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ चा. गाव मालवण तालुक्यातले देवबाग. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी! निसर्गाने सौंदर्य भरभरून दिले, पण पोटाला मात्र मुंबईच दाखवली. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे या शहरात आली आणि बहुतेक गिरणीच्या दारातून आत गेली. आमचे आजोबाही असेच आले. सामंतही आले, पण शिकण्यासाठी. परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि घाटकोपरच्या पंतनगरात त्यांनी दवाखाना थाटला.

घाटकोपरच्या आसपास त्या काळी दगडाच्या खाणी होत्या आणि जवळच कारखान्यांची रांग वाढत होती. दवाखान्यात येणारे बहुतेक याच श्रमिकांपैकी. त्यांचे दुखणे तपासताना डॉक्टरांच्या ध्यानात आले असावे, की या रोग्यांचा खरा रोग औषधाच्या बाटलीत बरा होणारा नाही. तो अपुऱ्या मजुरीचा रोग आहे! त्यांनी प्रथम खाणकामगारांना एकत्र आणले. मग एकेका कारखान्यातले कामगार त्यांच्याकडे येऊ लागले. परगावाहून आलेला हा डॉक्टर पाहता पाहता कामगारांचा डॉक्टरसाहेब झाला.

सुरुवातीला ते काँग्रेसच्या छायेतील इंटक या कामगार संघटनेत होते. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर ते विधानसभेवर निवडून आले. येथे मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या एका हाकेवर कारखान्याचे भोंगे थांबतात, त्याला विधानसभेची पायरी कशाला चढावी लागते? मला याचे उत्तर असे वाटते, की संपाने पगार वाढवून घेता येतो, पण कायदा बदलता येत नाही. कामगाराने कोणत्या संघटनेमार्फत बोलायचे हेदेखील कायदाच ठरवतो, आणि तो कायदा होतो विधिमंडळात. खाणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसाने आपला डॉक्टर तेथे पाठवला तो याच आशेने.

पण डॉक्टर पक्षाच्या शिस्तीत बसणारे नव्हते. १९७२ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील लढ्याला हिंसक वळण लागले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा सत्ताधारी पक्षाचे असूनही त्यांना अटक झाली. १९७७ मध्ये ते सुटले आणि त्यांची लोकप्रियता दुणावली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्ससारख्या मोठ्या कारखान्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढ मिळवून दिली. त्यांची रीत सरळ होती. कंपनीचा ताळेबंद ते मांडत बसत नसत. कामगाराला जगायला किती लागते तेवढे मागायचे आणि मिळेपर्यंत हटायचे नाही! विरोधक त्यांना दांडगाईचे पुढारी म्हणत. त्यांच्या लढ्यांत मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीही नाकारू नये. परंतु वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करून थकलेल्या माणसाला हा डॉक्टर आपला वाटला, हेही तितकेच खरे.

गिरणगावाची कथा मात्र वेगळी होती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ चा. या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता मिळे. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. मालकाशी बोलणी करायची ती त्यांनीच. कामगारांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला तरी मान्यता हलत नव्हती. त्यातच बदली कामगारांची दैना! आमचे आजोबा बदली कामगारच होते. रोज गिरणीच्या दारात जाऊन उभे राहायचे. काम मिळाले तर मजुरी, नाही तर आल्या पावली परत.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष भडकला आणि गिरणी कामगार घाटकोपरला डॉक्टरांच्या दारी गेले. नेता कामगारांना शोधत आला नव्हता, कामगारच नेत्याला शोधत गेले होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना कायम करायला हवे होते आणि १९४६ चा तो कायदा जायला हवा होता. त्याच आठवड्यात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बदलले, बाबासाहेब भोसले त्या खुर्चीवर आले. पण संपाबाबतचे धोरण बदलले नाही. दिल्लीत इंदिराजींचे सरकारही नमले नाही. डॉक्टरांना गिरण्यांत मान्यता दिली, तर उद्या ते बंदर आणि गोदीही बंद पाडतील, अशी धास्ती असल्याचे त्या वेळी बोलले जाई.

महिने गेले. कामगार गावी गेले. कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे जाऊन शेतात राबू लागले. संघटनेने धान्य वाटले. पण दरम्यान कापडाचे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर सरकले होते. जुन्या यंत्रांच्या काही गिरण्या मालकांना नकोशाच झाल्या होत्या. संपाने त्यांना आयते निमित्त मिळाले. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. दीड लाखाच्या आसपास कामगारांची नोकरी कायमची गेली. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही! तो नुसता विरत गेला.

तरीही कामगारांनी डॉक्टरांना टाकले नाही. १९८४ च्या अखेरीस लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत गिरणगावाच्या दक्षिण-मध्य मुंबईतून दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. ज्या माणसामुळे चूल विझली असे जग म्हणत होते, त्यालाच त्या चुलीपुढच्या माणसांनी मत दिले. याचा अर्थ काय लावायचा? मला वाटते, ते मत विजयाला नव्हते. आपली बाजू खोटी नव्हती, एवढेच त्यांना सांगायचे होते.

पुढच्या वर्षांत त्यांचा दरारा ओसरला, पण ते काम करत राहिले. गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव येऊ लागला होता आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. १६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी पवईतील घरातून पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले असता मारेकऱ्यांनी त्यांची गाडी अडवून गोळ्या झाडल्या. संपाला पंधरा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस उरले होते. काही मारेकऱ्यांना पुढे जन्मठेप झाली. कट रचल्याचा आरोप असलेला छोटा राजन मात्र २०२३ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटला.

आता पुन्हा आमच्या घराकडे येतो. संप सुरू झाला तेव्हा बाबा सातवीत होते. वर्षाच्या शेवटी त्यांची शाळा सुटली ती कायमची. ते एका चहाच्या दुकानात लागले. पुढे लालबागची पागडीची खोली सोडून आमचे कुटुंब चारकोपला आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने वसवलेल्या या वसाहतीत आमच्यासारखी अनेक घरे आहेत. बाबा आज रिक्षा चालवतात. त्या फोटोविषयी ते चांगलेही बोलत नाहीत आणि वाईटही बोलत नाहीत.

या लेखासाठी मी आजीला प्रथमच विचारले, की तुझा राग नेमका कशावर? मला वाटले होते, ती संपाला नावे ठेवील. पण तिचे म्हणणे वेगळेच निघाले. मागितले ते वाजवीच होते, असे ती म्हणते. तिचा राग आहे तो संप संपल्याचे कोणीच येऊन सांगितले नाही यावर. कोणी सांगितले असते, तर बाबांना एक वर्ष मागे पडून का होईना, शाळेत परत घातले असते. ती मात्र रोज वाट पाहत राहिली. आजोबा यावर म्हणतात, की डॉक्टरांनी संप मागे घेतला असता, तर सरकारने आणि मालकांनी कामगारांचा तोही शेवटचा मान काढून घेतला असता.

दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवण्याइतका मी मोठा नाही. मला एवढेच समजले, की पुढाऱ्याजवळ लढण्याचे धैर्य असावे लागते, तसे थांबण्याचेही असावे लागते. आणि दुसरे पहिल्याहून कठीण असते. पण थांबायला वाट ठेवणारा कायदा नसेल, मान्य झालेला आवाजच नसेल, तर एकट्या पुढाऱ्याने तरी कोठे थांबावे?

महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर वडिलांच्या शिक्षणाचा रकाना होता. मी तेथे सातवी असे लिहिले. यंदा १६ जानेवारीला हार आणायला आजोबांबरोबर मी गेलो होतो. परत आलो तेव्हा आजीने फोटोची काच पुसून ठेवली होती.