सूर विसावला हैदराबादेत

नल्लकुंट्याच्या शंकर मठापासून रिक्षा केली, बरकतपुरा आणि नारायणगुडा मागे टाकले, की थोड्याच वेळात आपण बशीरबागेत पोचतो. खरेदी, बँक, ऑफिस, काही ना काही कामासाठी आपल्यापैकी प्रत्येकाची तिथे फेरी होतेच. पण त्याच बशीरबागेतल्या एका रस्त्याला उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचे नाव दिलेले आहे, हे किती जणांच्या लक्षात असते? लाहोरजवळ जन्मलेला, मुंबईकरांनी डोक्यावर घेतलेला हा थोर गवई शेवटी आपल्या हैदराबादच्या मातीत विसावला. गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपण कलेच्या देवतेची आराधना करतो. तेव्हा आपल्याच शहरात चिरनिद्रा घेत असलेल्या या कलावंताची आठवण यंदाच्या स्मरणिकेत काढावी, असे मनात आले.

खाँसाहेबांचा जन्म 2 एप्रिल 1902 रोजी कसूर येथे झाला. हे गाव लाहोरपासून जवळच, सूफी संत बुल्लेशाह यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध. गाणे घरातच होते. वडील अली बख्श आणि काका काले खाँ हे दोघेही पतियाळा घराण्याचे नामवंत गवई. लहानग्या गुलाम अलीने काकांकडे आणि वडिलांकडे तालीम घेतली. मात्र सुरुवातीच्या काळात पोटासाठी त्यांना सारंगी धरावी लागली. गाणाऱ्याच्या मागे बसून साथ करायची, हे त्या वेळी कमीपणाचे समजले जाई. पण सारंगीच्या साथीला गळ्यातली प्रत्येक हरकत तिथल्या तिथे टिपावी लागते. खाँसाहेबांच्या गळ्याला पुढे जी विलक्षण लवचीकता आली, तिच्यात या सारंगीचा वाटा मोठा असणार.

धाकटे भाऊ बरकत अली खाँ हेही ठुमरी आणि गझल गाण्यात नाव कमावून होते. पण देशभर गाजले ते थोरले बंधू. कोलकात्याच्या मैफलींतून 1930च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे नाव पंजाबबाहेर पसरले आणि 1944 साली मुंबईच्या संगीत परिषदेत ते गायले, तेव्हा मुंबईकर रसिकांना एक नवाच आवाज सापडला. आपल्या लोकांचा कान तोवर किराणा, ग्वाल्हेर, जयपूर या घराण्यांच्या गाण्यावर आणि नाट्यसंगीतावर तयार झालेला होता. त्या कानांनाही हा पंजाबी गवई परका वाटला नाही.

देह धिप्पाड, मिशा भरघोस, हातात स्वरमंडल. पाहणाऱ्याला वाटावे, हा पहिलवान आता गर्जना करणार. आणि गळ्यातून निघे तो लोण्यासारखा मऊ सूर! तिन्ही सप्तकांत तो सहज फिरे. अतिद्रुत ताना आणि सरगम घेताना चेहऱ्यावर कष्टाची रेघही उमटत नसे. ख्याल ते फार लांबवीत नसत. ऐकणारा कंटाळेल इतके गाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. मालकंस, कामोद, गुणकली असे त्यांचे राग ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकायला मिळतात. पण सामान्य श्रोत्याला जिंकले ते त्यांच्या ठुमरीने. पूरबच्या संथ, आळवणाऱ्या ठुमरीत त्यांनी पंजाबचा चपळपणा आणि टप्प्याची वळणे आणली. सबरंग या नावाने त्यांनी स्वतः अनेक बंदिशी रचल्या. पहाडीतले हरि ओम तत्सत हे भजन तर त्यांनी असे गायले, की ते ऐकताना गाणाऱ्याचा धर्म कोणता हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही.

1947 साली देश तुटला आणि कसूर सीमेपलीकडे गेले. घरदार तिकडे, पण ज्यांच्यासाठी गायचे ते रसिक बहुतेक इकडे, अशी खाँसाहेबांची ओढाताण झाली. अखेर त्यांनी भारतात राहायचे ठरवले. मोरारजी देसाई यांच्या मदतीने 1957 साली त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले आणि मुंबईत मलबार हिलवर राहण्याची सोय झाली. प्रत्येक घरातल्या एका मुलाला जरी शास्त्रीय संगीत शिकवले असते, तर या देशाची फाळणी झाली नसती, असे ते म्हणत. हे बोलणे कोणाला भाबडे वाटेल. पण ज्याचे जन्मगाव एका रेघेने परदेश झाले, त्या माणसाचे ते बोलणे होते.

मुगल-ए-आझमची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते, तरी सांगण्याचा मोह आवरत नाही. दिग्दर्शक के. आसिफ आणि संगीतकार नौशाद खाँसाहेबांकडे गाणे मागायला गेले. खाँसाहेबांना सिनेमात गायचे नव्हते. पाहुणे परत जावेत म्हणून त्यांनी एका गाण्याचे 25,000 रुपये मागितले. त्या काळी मोठमोठ्या पार्श्वगायकांना गाण्यामागे काही शेच मिळत. आसिफ यांनी क्षणात होकार दिला! मग खाँसाहेबांना गावेच लागले. 1960 साली आलेल्या या चित्रपटात पडद्यावर तानसेन दिसतो आणि सूर ऐकू येतो तो कसूरच्या गुलाम अलीचा. त्यातला सोहनी आजही अंगावर काटा आणतो.

आपल्या लताबाईंवर खाँसाहेबांचा फार जीव. लताबाईंचे गाणे दुरून कानावर पडले की ते थांबून ऐकत आणि ही पोरगी कधी बेसूर होतच नाही म्हणून लाडाने चिडत, ही आठवण पंडित जसराज नेहमी सांगत. जसराजजींचे नाते तर आपल्या अगदी शेजारचे. त्यांचे वडील पंडित मोतीराम यांची समाधी अंबरपेठेत आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ जसराजजींनी वर्षानुवर्षे हैदराबादेत संगीत समारोह भरवला.

1962 साली खाँसाहेबांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि पद्मभूषण हे दोन्ही सन्मान मिळाले. पण याच सुमारास शरीर साथ सोडू लागले होते. अर्धांगवायूने त्यांना गाठले. गवयाला याहून मोठी शिक्षा कोणती? तरीही त्यांनी पुन्हा सूर लावला. चिरंजीव मुनव्वर अली खाँ यांना शेजारी बसवून ते मैफली करीत राहिले. वडिलांचा श्वास कमी पडे तिथे मुलगा स्वर उचलून धरी.

अखेरच्या दिवसांत ते हैदराबादेत होते. पायगा घराण्यातले नवाब झहीर यार जंग यांच्या बशीरबाग पॅलेसमध्ये त्यांचा मुक्काम होता. आधीच्याच वर्षी, फेब्रुवारी 1967मध्ये, शेवटच्या निजामाच्या अंत्ययात्रेला सारे शहर लोटले होते. त्या जुन्या हैदराबादची गुणग्राहकता अजून काही वाड्यांत शिल्लक होती, त्यांपैकी हा एक वाडा. तिथेच एप्रिल 1968मध्ये दीर्घ आजारानंतर खाँसाहेबांनी डोळे मिटले. वय होते 66.

आमच्या घरी ही बातमी पोचली तेव्हा मी शाळकरी होतो. वडील सरकारी नोकरीत. गाण्याचे वेड दांडगे, खिसा मात्र लहान. त्यांच्याकडे खाँसाहेबांच्या दोन-तीनच तबकड्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी ग्रामोफोनला हात लावला नाही. आईने विचारले, तेव्हा एवढेच म्हणाले की आज नको. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी ठुमरी लावली आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत बसले. माणूस ओळखीचा ना पाळखीचा, आणि त्याच्यासाठी वडील रडतात, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. आता वाटत नाही.

जुन्या शहरात दायरा मीर मोमीन नावाचे प्राचीन कब्रस्तान आहे. हैदराबाद शहराची आखणी करणारे, कुतुबशाहीचे पेशवे मीर मोमीन तिथे आहेत, सालारजंग घराण्यातली मंडळी आहेत. तिथेच खाँसाहेबांना मूठमाती मिळाली. दिल्लीत त्यांच्या स्मरणार्थ सबरंग उत्सव सुरू झाला, पाकिस्तानातही त्यांना आपले म्हणतात. बशीरबागेचा तो पॅलेस मात्र आता उभा नाही. त्या जागी इमारती झाल्या. उरले आहे ते रस्त्याचे नाव आणि जुन्या शहरातली कबर.

अनंत चतुर्दशीला बाळापूरहून निघणारी मुख्य मिरवणूक चारमिनार, मोझमजाही मार्केट करीत हुसेनसागराकडे जाते, ती बशीरबागेवरूनच. आपण ढोल-ताशांच्या गजरात तिथून जातो. यंदा तिथे पोचल्यावर क्षणभर या गवयाचे स्मरण करावे. आणि घरी परतल्यावर, दमलेल्या अंगाने का होईना, पहाडीतले ते भजन एकदा लावावे. बाप्पाला निरोप दिल्यावर घर सुने वाटते. त्या सुनेपणात हा सूर सोबत करील.

गणपती बाप्पा मोरया!