ओंजळभर पाण्यासाठी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत अमरावती-अकोल्याच्या रस्त्याने दहा मिनिटे चालले तरी घशाला कोरड पडते. अशा वेळी दारी आलेल्या माणसाला आपण आधी पाणी देतो आणि जात-धर्म मग विचारतो. निदान आपली तशी समजूत आहे. ज्या थोर पुरुषाची जीवनकथा मी आज सांगणार आहे, तिची सुरुवात या पाण्यापासूनच होते.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत हेडमास्तर होते. आई भीमाबाई मुलाच्या लहानपणीच वारल्या. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तर त्याने नळाला हात लावायचा नाही, शाळेच्या शिपायाने तोटी सोडावी तेव्हाच पाणी प्यायचे. शिपाई नसेल तर तहान दाबून घरी जायचे. एकदा भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी जाताना जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. सोबत जेवण होते, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही म्हणून मुले उपाशीच झोपली. तेव्हा भीमराव दहा वर्षांच्या आतबाहेर होते.

पालकहो, आता रामजींकडे पाहा. मुंबईत परळच्या चाळीत त्यांना एकच खोली होती. मुलगा लवकर निजे, वडील रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि मग आपण अंग टाकीत. पुस्तकासाठी पैसे नसले, तर लग्न झालेल्या लेकीचा दागिना उसना आणून गहाण ठेवीत. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो बी. ए. झाला आणि 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात, पुढे लंडनला गेला. इतके शिकून 1917 साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तर त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. विद्येने ज्ञान मिळाले होते, पण माणूस म्हणून मान मिळाला नव्हता. हा अनुभव त्यांनी मनात धरून ठेवला. 1920 साली त्यांनी 'मूकनायक' हे पत्र सुरू करण्यास पुढाकार घेतला आणि 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

1923 साली रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे ठरविले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर राहिला. तळ्याला जाण्याचे धाडस कोणाला होईना. 20 मार्च 1927 रोजी परिषदेसाठी जमलेल्या हजारो माणसांसह बाबासाहेब शांतपणे चालत तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्या मागून सर्वांनी घेतले. या साध्या कृतीने गाव खवळले. आता हे लोक देवळात घुसणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या बायाबापड्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना लाठ्यांनी मारहाण झाली. आपली माणसे संख्येने कितीतरी जास्त असताना बाबासाहेबांनी त्यांना हात उगारू दिला नाही. वाचकहो, मला या ठिकाणी त्यांचे धैर्य तळ्यावरच्या धैर्याहून मोठे वाटते.

त्या दिवशी जखमी होऊन पळणाऱ्या कित्येकांना महाडच्या मुसलमान घरांनी आसरा दिला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला दुसरी परिषद भरवायची, तर मंडपाला कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. गावाचा रोष पत्करून एका माणसाने केलेली ही गोष्ट आहे.

आपल्या अमरावतीचाही या इतिहासात वाटा आहे. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्याच साली येथे चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा तिला पाठिंबा होता. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. याच दिवसांत त्यांचे बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. घरात दुःख असताना त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. मंदिराच्या पंचांनी मुदत मागितली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह पुढे ढकलण्यास संमतीही दिली.

महाडच्या तळ्याचा दावा कोर्टात गेला. सत्याग्रहाला मनाई हुकूम आला आणि बाबासाहेबांनी तो पाळला. खालच्या कोर्टात 1931 साली जय मिळाला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला. ओंजळभर पाण्याच्या हक्कावर कायद्याचे शिक्कामोर्तब व्हायला दहा वर्षे लागली. विद्यार्थी मित्रहो, एका परीक्षेत अपयश आले म्हणून खचून जाता, तेव्हा ही दहा वर्षे आठवा.

आता एक कडू गोष्ट सांगतो. ती टाळली तर ही स्मृती खरी होणार नाही. 1934 साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. लोक जमले, शिव्यागाळी झाली. पुढे किल्ल्यात पाण्याला हात लागू नये म्हणून त्यांच्याबरोबर शिपाई देण्यात आला. फत्तेखानही आपला आणि हा वृद्धही आपलाच. नमाजच्या एका सफमध्ये खांद्याला खांदा लावणाऱ्यांनी हौदावर वेगळा हिशेब का लावावा?

हा प्रश्न मला विचारण्याचा अधिकार आहे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी नोकरीला नवा असतानाची गोष्ट आहे. व्हरांड्यात पाण्याचा रांजण आणि साखळीला बांधलेला एक गिलास होता. गटारसफाई करणाऱ्याचा एक मुलगा वर्गात होता. त्याने पाणी प्याले की बाकीची मुले गिलास तीनतीनदा विसळीत आणि हसत. मुले सारी आपल्याच समाजातली, तोही आपल्याच मोहल्ल्यातला. मी हे पाहत होतो. नवी नोकरी, कशाला वाईटपणा घ्या, असे म्हणून मी गप्प बसलो. काही दिवसांनी तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला. मग एके दिवशी मी सर्वांसमोर तो गिलास न विसळता उचलला आणि पाणी प्यालो. मुलांचे हसणे त्या दिवसापासून थांबले. पण ज्याच्यासाठी ते करायला हवे होते, तो परत आला नाही. घरी चौकशीला गेलो, तेव्हा तो बापाबरोबर कामावर गेला होता.

29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. संविधानाचे पंधरावे कलम वाचा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचा वापर कुणालाही धर्म, जात वा लिंग यांवरून नाकारता येणार नाही, असे त्यात आहे. महाडचे तळे मला त्या ओळींत दिसते. सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपविली. तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. ज्या संस्थेची ही स्मरणिका तुमच्या हाती आहे, ती त्याच हक्कावर उभी आहे. त्यांनी स्वतःही 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. तिचेच मिलिंद महाविद्यालय 1950 साली मराठवाड्यात औरंगाबादला सुरू झाले.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब निवर्तले. त्याच्या एक वर्ष आधी, 1 डिसेंबर 1955 रोजी, अमेरिकेत माँटगोमेरी गावात रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या काळ्या बाईने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला होता. तिला अटक झाली. तिच्या समाजाने 381 दिवस बसवर बहिष्कार घातला. बाबासाहेबांच्या निधनानंतर पंधरवड्यात तेथील बसमधला भेदभाव कायद्याने संपला. तेथे बसची जागा होती, येथे तळ्याचे पाणी होते. दोन्हीकडे सुरुवात एका माणसाने केली आणि मागून समाज चालला.

पालकहो, दहावीनंतर मुलीला घरी बसवावे असा सल्ला चार लोक देतील, तेव्हा एका बापाला नाही म्हणता आले पाहिजे. मित्रहो, वर्गात एखाद्याला हसले जात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसायला एकच विद्यार्थी लागतो. आणि हे त्याच दिवशी करा. मी उशीर केला होता.