जहाजांचे उस्ताद : जमशेटजी वाडिया

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातील कुणी पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात कामाला जात असेल. मापात न बसलेला भाग तेथे बाजूला काढतात, हे तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकले असेल. आज आपण मापाला असेच पक्के असलेल्या एका कारागिराची ओळख करून घेऊ. त्यांनी लढाऊ जहाजे बांधली. त्यांचे नाव जमशेटजी बमनजी वाडिया.

जमशेटजींचा जन्म १७५४ साली एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा लवजी हे सुरतेचे कुशल सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना जहाजबांधणीसाठी मुंबईला आणले. पुढे ते मुंबईच्या गोदीचे मुख्य कारागीर झाले. मनात आणले असते, तर नातवाला त्यांनी सोपे काम दिले असते. पण त्यांनी जमशेटजींना आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी यांना साध्या सुतारांबरोबर कामाला लावले. मजुरी महिना १२ रुपये! करवत, रंधा आणि वाकस हातात घेऊनच जमशेटजी जहाज बांधायला शिकले.

त्या काळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात मोठे युद्ध चालू होते. समुद्रावर लढायला पुष्कळ जहाजे लागत. इंग्लंडमध्ये जहाजांसाठी ओक नावाच्या झाडाचे लाकूड वापरत. ते आता अपुरे पडू लागले. आपल्याकडे मलबारच्या जंगलात उत्तम साग होता. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असते, त्यामुळे खिळे टिकतात आणि लाकूडही लवकर कुजत नाही. म्हणून इंग्लंडच्या नौदलाने मुंबईत जहाजे बांधायचे ठरवले.

पण युद्धनौकेचे काम एका भारतीयावर सोपवायचे कसे? त्यासाठी इंग्लंडहून गोरा कारागीर पाठवण्याचा बेत झाला. मात्र जमशेटजींच्या कामाची कीर्ती तेथपर्यंत पोहोचली आणि तो बेत रद्द झाला. मुख्य कारागीर म्हणून जमशेटजीच कायम राहिले.

त्यांची एक गोष्ट सांगतात. १८०० साली त्यांनी कंपनीसाठी 'कॉर्नवॉलिस' हे लढाऊ जहाज बांधले. गोरे लोक भारतीयांना काळे म्हणून हिणवत. जहाजाच्या आतल्या एका तुळईवर, सहज दिसणार नाही अशा जागी, जमशेटजींनी तोच हिणकस शब्द कोरला आणि हे जहाज अशाच एका माणसाने बांधले आहे, असे लिहून ठेवले. पुढे दुरुस्तीच्या वेळी ती अक्षरे सापडली. अपमानाला त्यांनी आपल्या कामाने उत्तर दिले होते.

१८१० साली त्यांनी ७४ तोफांचे 'मिंडेन' समुद्रात उतरवले. १८१३ साली 'कॉर्नवॉलिस' याच नावाचे दुसरे जहाज तयार झाले. १८४२ साली याच जहाजावर चीनला इंग्रजांशी नानकिंगचा तह करावा लागला. मुलांनो, येथे थोडा विचार करा. हात आपल्या कारागिरांचे होते. पण जहाजावरचे निशाण परक्यांचे होते.

१८१७ साली जमशेटजींनी 'त्रिंकोमाली' बांधले. कामाच्या आरंभी पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या तळाच्या तुळईत चांदीचा खिळा ठोकला होता. १८२१ साली जमशेटजी हे जग सोडून गेले. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र नौरोजी यांनी ते काम पुढे चालवले.

पुढे लाकडी जहाजांचे युग संपले. १९११ साली फ्रान्सने 'कूर्बे' आणि 'जाँ बार' या पोलादी महानौका समुद्रात उतरवल्या. आज त्यांपैकी एकही उरलेली नाही. पण 'त्रिंकोमाली' दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. देशोदेशीचे लोक ते पाहायला जातात.

मित्रांनो, 'जहाज' आणि 'बंदर' हे शब्द मराठीत आहेत, तसेच तुमच्या उर्दूतही आहेत. हे शब्द पुन्हा वाचाल, तेव्हा महिना १२ रुपयांवर रंधा मारणारा तो मुलगा आठवा. कोणतेही काम हलके नसते. ते मन लावून केले, तर करणाऱ्याचे नाव त्याच्यामागे उरते.